तिकीट विकावे की सामना पाहावा?

वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल ही दोन एकच आहेत काय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्रारंभीच विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. क्रमिक पुस्तकात त्याचे उत्तर पाणी आणि हिरा यांच्या दृष्टान्ताने दिलेले असते. पाण्यावाचून जीव जगत नाही, तरी ते स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, तरी तो महाग. हा दृष्टान्त जुना आणि मार्मिक आहे. परंतु हिऱ्याची खरेदी-विक्री करण्याचा प्रसंग आपल्यापैकी फारच थोड्यांवर येतो. म्हणून याच प्रश्नाचा विचार आज आपण एका परिचित वस्तूच्या आधारे करू. ती वस्तू म्हणजे क्रिकेटच्या सामन्याचे तिकीट.

अशी कल्पना करा की, एका सामान्य कुटुंबातील मुलाला मोठ्या सामन्याचे पाचशे रुपयांचे तिकीट मिळाले आहे. सामना इतिहासात नोंदला जाईल असे जो तो म्हणतो आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ त्याच तिकिटाचे पाच हजार रुपये देऊ करतात. घरी धाकट्या बहिणीला चष्मा करावयाचा आहे, वह्या-पुस्तकांची उधारी फेडावयाची आहे. मुलाने काय करावे? तिकीट विकावे, की सामना पाहावा?

प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्यात अर्थशास्त्र, मानसशास्त्र, नीती आणि इतिहास या चौघांचाही संबंध येतो. आपण क्रमाने पाहू.

किंमत का चढते?

क्रीडांगणातील जागा मर्यादित असतात. कापडाला मागणी वाढली तर गिरणी अधिक कापड विणू शकते; परंतु मागणी दसपट झाली म्हणून क्रीडांगणाच्या पायऱ्या दसपट होत नाहीत. शिवाय तिकीट ही नाशवंत वस्तू आहे. सामना संपला की कालपर्यंत हजारोंचा असलेला तो कागद कवडीमोल होतो. भाजी जशी सायंकाळपर्यंत विकली जावी लागते, तद्वतच तिकिटाचे आहे.

2 एप्रिल 2011 रोजी मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. क्रीडांगणाची क्षमता सुमारे 33 हजार; परंतु सर्वसामान्य जनतेसाठी विक्रीस ठेवलेली तिकिटे अवघी 4 हजारांच्या आसपास होती. उरलेल्यांपैकी बहुतेक जागा संलग्न क्लब, क्रीडासंस्था आणि निमंत्रित यांच्याकडे गेल्या होत्या. एवढ्या मोठ्या देशाची इच्छा चार हजार जागांवर येऊन ठेपली, तर छापील किंमत आणि बाजारातील किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडावे यात नवल ते काय?

येथे अर्थशास्त्रातील एक महत्त्वाची कल्पना समजून घेतली पाहिजे. पाचशे रुपयांना घेतलेल्या तिकिटास पाच हजार रुपये मिळत असता मुलगा सामना पाहावयास गेला, तर त्याला तो सामना कितीस पडला? व्यवहारात आपण पाचशे रुपये म्हणू. अर्थशास्त्रज्ञ मात्र पाच हजार म्हणतील. कारण तेवढी रक्कम हाती येत असता त्याने ती सोडली. एक गोष्ट निवडताना दुसरी जी सोडावी लागते, तिच्या मोलास वैकल्पिक खर्च असे म्हणतात. म्हणजे तिकीट जवळ ठेवणे हे ते पाच हजारांना नव्याने विकत घेण्यासारखेच आहे. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि त्यामुळे निर्णयाचा पहिलाच आकडा चुकतो.

मनाचा तराजू

मग प्रत्येकाने स्वतःला इतकेच विचारावे की, ‘माझ्यापाशी तिकीट नसते, तर मी ते पाच हजारांना घेतले असते काय?’ उत्तर नाही असेल तर विकावे, होय असेल तर जावे. गणित सोपे आहे. पण मनुष्याचे मन गणिताने चालत नाही.

या विषयावरील एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. झिव कार्मोन आणि डॅन एरिएली हे त्याचे लेखक. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात बास्केटबॉलचे वेड फार. तिकिटांसाठी विद्यार्थी दिवसचे दिवस तंबू ठोकून राहतात आणि तरीही शेवटी चिठ्ठ्या टाकून कोणाला तिकीट मिळावयाचे ते ठरते. एका महत्त्वाच्या स्पर्धेच्या वेळी, ज्यांना तिकीट मिळाले नव्हते त्यांना ते विकत घेण्यास किती द्याल असे विचारले, तेव्हा सरासरी उत्तर आले सुमारे 170 डॉलर. ज्यांना मिळाले होते त्यांना कितीस विकाल असे विचारले, तेव्हा सरासरी उत्तर आले सुमारे 2400 डॉलर! हे सर्व एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी, वेडही सारखेच. चिठ्ठी निघाली किंवा न निघाली, एवढाच काय तो फरक.

असे का व्हावे? ज्याच्या हाती तिकीट होते तो आपण काय गमावू याचा विचार करीत होता: तो जल्लोष, ते मित्र, नातवंडांना सांगावयाची ती आठवण. ज्याच्या हाती तिकीट नव्हते तो त्या पैशात दुसरे काय येईल याचा विचार करीत होता. प्रत्येकाची नजर आपल्या हातून जाणाऱ्या वस्तूवर खिळलेली होती. यावरून असा धडा घ्यावा की, निर्णय करताना क्षणभर दुसऱ्या बाजूस जाऊन उभे राहावे. हाती तिकीट असेल तर नसल्याची कल्पना करावी आणि हाती पैसे येऊ घातले असतील तर ते खर्च होऊन गेल्यानंतरच्या दिवसाची कल्पना करावी.

इतिहास आधी कळतो काय?

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. तिकिटाची किंमत ज्या एका अपेक्षेने चढलेली असते, ती म्हणजे ‘हा सामना ऐतिहासिक होणार’. पण इतिहास आगाऊ कळविणारा ज्योतिषी अद्याप जन्मास आलेला नाही. क्रिकेटच्या पटावरील काही प्रसंग पाहा.

2011 साली सचिन तेंडुलकर यांची आंतरराष्ट्रीय सामन्यांतील 99 शतके पूर्ण झाली होती. नव्याण्णवावे शतक त्या वर्षीच्या 12 मार्च रोजी नागपूर येथे झाले. पुढील शतक हे शंभरावे. जगात कोणीही न गाठलेले. 22 नोव्हेंबरपासून वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी सामना सुरू झाला. सचिन मुंबईचे, क्रीडांगण घरचे. तिसऱ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हा ते 67 धावांवर नाबाद होते. त्या रात्री दुसऱ्या दिवसाचे तिकीट ज्याच्यापाशी होते, त्याच्या भाग्याचा हेवा कोणास वाटला नसेल?

25 नोव्हेंबर उजाडला. धावा वाढत गेल्या. ऐंशी झाल्या, नव्वद झाल्या. 94 वर रवी रामपॉल यांच्या चेंडूवर डॅरेन सॅमी यांनी स्लिपमध्ये झेल घेतला. अवघ्या सहा धावा उरल्या होत्या. अपेक्षित इतिहास दारापर्यंत येऊन परत फिरला. त्याच दिवशी रविचंद्रन अश्विन यांनी आपले पहिले कसोटी शतक झळकाविले. पण ते पाहण्यासाठी म्हणून घरून निघालेला प्रेक्षक बहुधा एकही नसेल.

खरी मौज पुढेच आहे. पाचव्या दिवसाच्या तिकिटाला आता कोण विचारतो? वेस्ट इंडिजच्या पहिल्या डावात 590 धावा, भारताच्या 482. दुसऱ्या डावात वेस्ट इंडिजच्या 2 बाद 81. सामना अनिर्णित राहणार हे शेंबडे पोरही सांगू शकले असते. परंतु 26 नोव्हेंबर रोजी वेस्ट इंडिजचा डाव 134 धावांत कोसळला. प्रग्यान ओझा यांनी सहा आणि अश्विन यांनी चार बळी घेतले. विजयासाठी 243 धावा हव्या होत्या. अखेरचा चेंडू टाकावयाचा राहिला तेव्हा भारताला दोन धावा हव्या होत्या आणि दोन गडी शिल्लक होते. अश्विन यांनी एक धाव घेतली. दुसरीसाठी धावताना ते धावचीत झाले. धावसंख्या बरोबरीत, गडी एक शिल्लक, सामना अनिर्णित! कसोटी क्रिकेटच्या तोपर्यंतच्या इतिहासात हे केवळ दुसऱ्यांदा घडत होते. पहिल्यांदा घडले होते 1996 च्या डिसेंबरात बुलावायो येथे, झिंबाब्वे आणि इंग्लंड यांच्या सामन्यात.

म्हणजे चौथ्या दिवशी इतिहासाच्या आशेने आलेल्यांना इतिहास भेटला नाही आणि पाचव्या दिवशी, कोणी पाचारण केले नसता, तो आपण होऊन आला. ते शंभरावे शतक पुढे 16 मार्च 2012 रोजी ढाक्यातील मीरपूर येथे झाले, आणि तो सामना भारताने बांगलादेशविरुद्ध गमावला.

असेच दुसरे उदाहरण ग्वाल्हेरचे. 24 फेब्रुवारी 2010 रोजी कॅप्टन रूपसिंग क्रीडांगणावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय सामना होता. एका मालिकेतील एक सामना, एवढेच त्याचे महत्त्व. त्या दिवशी सचिन तेंडुलकर यांनी 147 चेंडूंत नाबाद 200 धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटला प्रारंभ झाला 1971 साली. तेव्हापासून 39 वर्षांत कोणीही द्विशतक केलेले नव्हते. ग्वाल्हेरच्या ज्या रहिवाशांनी त्या दिवशी कामाचा खाडा करून पायऱ्या गाठल्या, त्यांना आपण कशाचे साक्षीदार होणार आहोत याची सकाळी पुसटही कल्पना नव्हती. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातील पहिले द्विशतक हे त्याहूनही जुने आहे. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी ते 16 डिसेंबर 1997 रोजी महिलांच्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध केले आणि तेही मुंबईतच.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. 14 ऑगस्ट 1948 रोजी लंडनच्या ओव्हल क्रीडांगणावर डॉन ब्रॅडमन आपल्या अखेरच्या कसोटीत खेळावयास आले. चार धावा केल्या असत्या तर त्यांची सरासरी शंभर झाली असती. दुसऱ्याच चेंडूवर एरिक हॉलिस यांनी त्यांचा त्रिफळा उडविला. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबाद येथे सलग दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून पराभूत झाला. आणि 2005 व 2017 अशा दोन अंतिम सामन्यांत हरलेल्या भारतीय महिला संघाने 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी विजय मिळवून प्रथमच विश्वचषक जिंकला. दोनदा हरलेला संघ तिसऱ्यांदाही हरणार, असे म्हणून तिकीट दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्याचा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. पण तो खोटा ठरला.

यांखेरीज निसर्ग आहेच. आमच्या गोव्यात 24 ऑक्टोबर 2010 रोजी मडगावच्या फातोर्डा क्रीडांगणावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा एकदिवसीय सामना ठरला होता. पावसामुळे एकही चेंडू टाकला गेला नाही.

सारांश, इतिहासाच्या आशेवर तिकीट बाळगणे हा एक प्रकारचा जुगार आहे आणि इतिहास घडणार नाही अशा खात्रीने ते विकणे हाही जुगारच आहे. म्हणून ‘हा सामना ऐतिहासिक ठरेल काय?’ हा प्रश्नच बाजूस ठेवावा. त्याऐवजी विचारावे की, ‘काहीही विशेष घडले नाही, तरी हा दिवस मला आवडेल काय?’ ज्याला चेंडूचे वळण, क्षेत्ररक्षकाची धाव, फलंदाजाचे पदलालित्य यांतच आनंद आहे, त्याला प्रत्येक सामना काही ना काही देतो. ज्याला केवळ ‘मी तेथे होतो’ असे सांगावयाचे आहे, त्याचे पैसे बहुतेक वेळा पाण्यात जातात.

साक्षीदाराचे मोल

कोणी म्हणेल, आता घरबसल्या पडद्यावर सर्व दिसते. मग उन्हात बसावयाचे कशाला? पडद्यावर चेंडू अधिक स्पष्ट दिसतो, ही गोष्ट खरी. परंतु तेथे दुसऱ्याने निवडलेले दिसते. क्रीडांगणावर आपली नजर आपली असते. गोलंदाज माघारी वळत असता कर्णधार क्षेत्ररक्षकांना कसा हलवितो, राखीव खेळाडू सीमारेषेवर पाणी घेऊन कसा तिष्ठत असतो, हजारो माणसे एकाच क्षणी श्वास कसा रोखतात, हे तेथेच कळते.

शिवाय चित्रण नेहमीच होते असेही नाही. 18 जून 1983 रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स या गावी विश्वचषकात झिंबाब्वेविरुद्ध भारताची अवस्था 5 बाद 17 अशी झाली होती. त्या स्थितीतून कपिल देव यांनी नाबाद 175 धावा केल्या, भारत 31 धावांनी जिंकला आणि सातच दिवसांनी विश्वविजेता झाला. त्या खेळीचे चलच्चित्र उपलब्ध नाही. ती पाहिली ती त्या लहानशा मैदानावर हजर असलेल्यांनीच. 5 बाद 17 असा फलक पाहून जो उठून गेला असेल, त्याने काय गमावले याचा हिशोब कोणत्या नाण्यात करावा?

विक्रीची नीती

आता व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. तिकीट विकणे यात मुळातच काही पाप आहे काय? आजारपण, परीक्षा किंवा घरची निकड यांमुळे जाता येत नसेल, तर आपली जागा दुसऱ्यास देणे उचितच आहे. रिकामी जागा कोणाच्याच उपयोगाची नसते. प्रश्न उद्भवतो तो चढ्या किमतीचा.

घेणारा आनंदाने देतो, विकणारा आनंदाने घेतो, मग बिघडले कोठे, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु या व्यवहारात एक तिसरा मनुष्य असतो आणि तो बोलत नाही. रांगेत आपल्या मागे उभा असलेला, छापील किंमत देण्याची ऐपत असलेला, पण आपल्यामुळे तिकीट न मिळालेला, असा तो मनुष्य होय. संयोजक काही जागांची किंमत मुद्दाम कमी ठेवतात, ती अशाच माणसांना आत येता यावे म्हणून. सामना पाहावयाचाच नाही आणि केवळ नफ्यासाठी तिकीट घ्यावयाचे, तर त्या माणसाची जागा आपण अडविली, असेच म्हटले पाहिजे.

निरनिराळ्या देशांनी या बाबतीत निरनिराळे मार्ग काढले आहेत. ब्रिटनमध्ये 1994 च्या एका कायद्याने फुटबॉल सामन्याची तिकिटे अधिकाराविना विकणे हा गुन्हा ठरविला. त्यामागे सुरक्षिततेचा विचार होता. दोन संघांचे समर्थक वेगवेगळ्या भागांत बसविलेले असतात आणि तिकिटे हातोहात फिरली की ती व्यवस्था मोडते. जपानमध्ये 2019 च्या जूनपासून संयोजकांच्या संमतीवाचून चढ्या दराने तिकिटे विकण्याचा धंदा करण्यास कायद्याने मनाई आहे. सर्वांत सुंदर रीत विंबल्डनच्या टेनिस स्पर्धेतील म्हणावी लागेल. जो प्रेक्षक लवकर घरी निघतो तो आपले तिकीट परत करतो, रांगेत थांबलेल्यास ती जागा अल्प किमतीत मिळते आणि जमलेली रक्कम धर्मादाय कार्यास जाते. जागा रिकामी राहत नाही, नफेखोरही निर्माण होत नाही.

अनोळखी माणसाकडून तिकीट घेण्यातील धोकाही ध्यानात ठेवला पाहिजे. 6 एप्रिल 2001 रोजी फातोर्डा येथे झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याच्या वेळी बनावट तिकिटांचे प्रकरण गाजले होते, हे गोव्यातील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. खरी तिकिटे हाती असूनही बाहेर राहण्याची पाळी पुष्कळांवर आली. चोरट्या बाजारात नुकसान सर्वांत आधी प्रामाणिक माणसाचे होते.

निर्णय

आता आपण त्या मुलाकडे परत येऊ. त्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत आणि तेही याच क्रमाने.

पहिला: कायद्याने व तिकिटावरील अटींनी विक्रीस परवानगी आहे काय? नसेल तर त्या पाच हजारांचा विचार तेथेच संपला. मग निवड उरते ती जाण्याची किंवा रीतसर मार्गाने तिकीट परत करण्याची.

दुसरा: घरची गरज खरी आहे काय, आणि ती आजची आहे काय? परवानगी असेल आणि बहिणीला फळ्यावरची अक्षरे दिसत नसतील, तर तिकीट विकण्यात यत्किंचितही कमीपणा नाही. इतिहास पाहण्यासाठी डोळे लागतात. ते आधी बहिणीस मिळू देत. मात्र गरजेच्या नावाखाली चैनीची वस्तू आणावयाची असेल, तर आपण आपल्यालाच फसवीत नाही ना, हे तपासावे.

तिसरा: तिकीट नसते तर ते या किमतीस मी घेतले असते काय? येथे ड्यूकच्या विद्यार्थ्यांचे स्मरण ठेवावे.

चौथा: काहीच विशेष घडले नाही तरी मी समाधानाने घरी येईन काय? उत्तर होय असेल तर मागे वळून न पाहता जावे, डबा बरोबर घ्यावा आणि शेवटच्या चेंडूपर्यंत जागा सोडू नये.

एकदा निर्णय झाला की पश्चात्ताप करू नये. विकलेल्या तिकिटाच्या सामन्यात विक्रम घडला, तर आपला निर्णय चुकला असे होत नाही; आणि पाहिलेला सामना नीरस झाला, तर जाणे चुकले असेही होत नाही. निर्णयाची परीक्षा त्या वेळी आपल्याला जे ठाऊक होते त्यावरून करावयाची असते. फळ काय मिळाले यावरून केली, तर जगातील निम्मे शहाणे मूर्ख ठरतील आणि निम्मे मूर्ख शहाणे.

विचारासाठी प्रश्न

1. एका तिकिटाची छापील किंमत 400 रुपये आहे. बाजारात त्याचे 3,000 रुपये मिळत आहेत. प्रवासास 150 रुपये लागतात. सामना पाहण्याचा वैकल्पिक खर्च धरून एकूण खर्च किती? छापील किंमत त्यात धरावी काय? सकारण सांगा.

2. नोव्हेंबर 2011 च्या वानखेडे कसोटीत चौथ्या आणि पाचव्या दिवसांपैकी कोणत्या दिवसाचे तिकीट तुम्ही आदल्या रात्री निवडले असते? आज कोणते निवडाल? दोन उत्तरांत फरक पडत असेल तर तो कशामुळे?

3. विंबल्डनची पद्धत आपल्या गावातील नाट्यप्रयोग, जत्रेतील कार्यक्रम किंवा शालेय संमेलन यांना कशी लावता येईल? घरातील वडील मंडळींशी चर्चा करून दहा ओळी लिहा.